उरलेल्या तीन टक्क्यांची गोष्ट

बाबांच्या उजव्या हातातली ताकद गेली त्याला आता तीन वर्षं होतील. सकाळी दात घासताना ब्रश पडला. त्यांनी तो उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा पडल्यावर त्यांनी आईला हाक मारली. पुढचं सगळं ज्यांच्या घरात घडलंय त्यांना सांगायला नको. पंधरा दिवसांनी बाबा घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना, चालत होते. बोलणं थोडं जड झालं होतं. हात मात्र खांद्यापासून नुसता लटकत होता.

बाबा वायरमन. सांगलीतल्या निदान तीनशे घरांचं फिटिंग त्यांच्या हातचं आहे. मी पुण्यात कोड लिहितो. त्या वेळी वर्क फ्रॉम होम घेऊन घरी आलो आणि आमच्या जमातीची माणसं अशा वेळी जे करतात तेच केलं. प्रॉब्लेम आला की डॉक्युमेंटेशन वाचायचं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने एक पुस्तक सुचवलं, म्हणाली, ‘हे वाच, डोकं फिरेल.’ ते होतं नॉर्मन डॉइज या कॅनेडियन मनोविकारतज्ज्ञाचं ‘द ब्रेन दॅट चेंजेस इटसेल्फ’ (२००७). मी दोन रात्रींत संपवलं. डोकं फिरलंच.

हा लेख त्या पुस्तकाबद्दल आहे. त्याच्याच आसपास आलेल्या, पण अगदी वेगळ्या स्वभावाच्या दुसऱ्या एका पुस्तकाबद्दलही आहे. ‘मेंदू बदलतो’ हे वाक्य आज रील्सपासून कोचिंग क्लासच्या जाहिरातींपर्यंत सगळीकडे सापडतं. वाक्य खोटं नाही. पण ते कोण सांगतंय आणि कसं सांगतंय यावर आपण त्याचं काय करतो हे ठरतं. आम्ही त्याचं काय केलं ते मी पुढे सांगणारच आहे.

पेद्रोची गोष्ट

डॉइजच्या पुस्तकाची मांडणी सोपी आहे. प्रत्येक प्रकरणात एक माणूस, एक अडचण, एक हट्टी संशोधक आणि शेवटी सुटका. प्रौढ माणसाचा मेंदू म्हणजे ठरावीक कामांचे ठरावीक कप्पे, एक कप्पा गेला की ते काम गेलं, असं बराच काळ मानलं जायचं. त्या समजुतीला ज्यांनी धक्के दिले त्यांची ही ओळखपरेड आहे. पॉल बाख-इ-रिता, मायकेल मर्झेनिक, एडवर्ड टाउब, आपले व्ही. एस. रामचंद्रन. डॉइज गोष्ट सांगण्यात पटाईत आहे. विज्ञानाचं पुस्तक हातात घेऊन रात्री दोनपर्यंत जागावं लागणं ही लहान गोष्ट नाही.

त्यातली मला चिकटलेली गोष्ट पेद्रो बाख-इ-रिताची. हा पॉलचा बाप, मूळचा कॅटलान कवी आणि अध्यापक. पासष्टाव्या वर्षी पक्षाघात होऊन अर्धं अंग आणि वाचा गेली. उपचारांनी फरक पडेना. तेव्हा वैद्यकीचं शिक्षण घेत असलेला त्याचा दुसरा मुलगा जॉर्ज बापाला घरी घेऊन आला आणि लहान बाळ जसं शिकतं तसं त्याने बापाला शिकवायला सुरुवात केली. आधी रांगायचं, तेही भिंतीला टेकून. मग जमिनीवर गोट्या खेळायच्या. मग भांडी घासायची. महिनोन् महिने हे चाललं. वर्षभरात पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवायला जाऊ लागला. सात वर्षांनी कोलंबियातल्या डोंगरात चढाई करत असताना त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि त्यात तो गेला. मेंदूची तपासणी झाली तेव्हा दिसलं की पक्षाघाताने केलेलं नुकसान जसंच्या तसं होतं. मेंदूच्या वरच्या थरातून मणक्याकडे जाणारे ९७ टक्के मज्जातंतू नष्ट झालेले होते. म्हणजे उरलेल्या तीन टक्क्यांवर माणूस डोंगर चढत होता.

एका मुलाने बापाला रांगायला शिकवलं. मी ते प्रकरण वाचलं तेव्हा शेजारच्या खोलीत माझे बाबा झोपले होते. मी काय केलं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता.

मी स्प्रेडशीट केली. तारीख, व्यायाम, किती वेळा, किती वेळ. टेनिसचा चेंडू दाबणे, वाटाणे उचलणे, टॉवेल पिळणे. फिजिओथेरपीला येणारी मुलगी सांगायची, ‘काका, दहा वेळा करा.’ ती गेली की मी तीस वेळा करून घ्यायचो. टाउबच्या प्रकरणात त्याने शोधलेली उपचारपद्धत आहे. चांगला हात बांधून ठेवायचा आणि दुखावलेल्या हातालाच काम करायला लावायचं. तिच्यामागची कल्पना खरंच विलक्षण आहे. टाउबने माकडांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की हात निकामी झाल्यावर सुरुवातीच्या दिवसांत प्राणी तो वापरून बघतो, दर वेळी अपयश येतं आणि मग तो हात न वापरायला शिकतो. पुढे हातात थोडा जीव आला तरी ही शिकलेली सवय सुटत नाही. म्हणजे जे गेलं त्यातलं काही इजेमुळे गेलेलं असतं आणि काही शिकण्यामुळे.

मला एवढं पुरेसं होतं. एका शनिवारी मी बाबांच्या डाव्या हातात गॅसवरून गरम भांडी उतरवायचा मोजा घातला आणि मनगटाला पट्टी बांधली. आई म्हणाली, ‘अरे, आधी विचार तरी कुणाला.’ मी म्हणालो, ‘रिसर्च आहे, आई.’ संध्याकाळी चहा आला. बाबांनी उजव्या हाताकडे पाहिलं. हात हलला नाही. त्यांनी मोजा घातलेल्या हाताने कप धरायचा प्रयत्न केला आणि सगळा चहा अंगावर सांडला. चहा फार गरम नव्हता, एवढंच नशीब. ते काही बोलले नाहीत. आई शर्ट बदलत असताना त्यांनी मला विचारलं, ‘तुझ्या पुस्तकात काय लिहिलंय? मी कमी पडतोय का?’

पुस्तक काय सांगत नाही

पुढे बऱ्याच दिवसांनी मी टाउबच्या पद्धतीवरची मोठी चाचणी वाचली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यात २२२ रुग्ण होते, पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे चांगला हात जागेपणीचा बहुतेक वेळ मोज्यात आणि जोडीला प्रशिक्षित माणसांच्या हाताखाली रोज तासन् तास सराव. फायदा झाला, आणि तो वर्षभरानंतरही टिकून होता. चाचणी चांगली आहे, निष्कर्ष खरा आहे. पण चाचणीत कुणाला घ्यायचं याची अट होती. मनगट आणि बोटं स्वतःहून निदान थोडी तरी उघडता आली पाहिजेत. त्या शनिवारी बाबांची बोटं अजिबात उघडत नव्हती. ज्या दारातून आत जायचं होतं ते आमच्यासाठी उघडलेलंच नव्हतं, आणि मी बाबांना दारावर डोकं आपटायला लावत होतो.

दोष पुस्तकाचा की माझा? बराचसा माझा. डॉइज काही घरी मोजे बांधा म्हणत नाही. शिवाय मेंदूची लवचीकता दुधारी असते, वाईट सवयी घट्ट होतात त्याही तिच्यामुळेच, हे त्याने पुस्तकात स्पष्ट मांडलंय. पण पुस्तक फक्त विधानांनी बोलत नाही, रचनेनेही बोलतं. प्रकरणामागून प्रकरण माणसं बरी होत असतील, सुधारत असतील, तर वाचणाऱ्याच्या मनात आपोआप एक सूत्र तयार होतं: जिद्द अधिक सराव बरोबर नवा मेंदू. ज्यांना जमलं नाही त्यांची प्रकरणं नाहीत. मग ज्याला जमत नाही तो त्या सूत्रात स्वतःला कुठे बसवणार? ‘मी कमी पडतोय’ एवढीच एक जागा त्याच्यासाठी उरते.

पेद्रोच्या गोष्टीत मी ‘९७ टक्के गेले’ हे वाचलं. ‘तीन टक्के उरले’ हे वाचलं नाही. ते तीन टक्के कुठले होते, तेच का उरले, हे जॉर्जच्या हातात नव्हतं. पेद्रोच्याही नव्हतं. मेहनत त्यांची होती यात शंका नाही, पण ती ज्यावर उभी राहिली ती जमीन योगायोगाने उरलेली होती. चांगल्या गोष्टीचा तोटा हा की ती योगायोग लपवते. तो लपवला नाही तर गोष्टीची मजा जाते.

याचं आणखी एक उदाहरण देतो, कारण ते बहुतेकांनी अर्धंच ऐकलेलं असतं. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात आणि त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाची मागची बाजू इतरांपेक्षा मोठी असते. हे एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवलं. हे सगळ्यांना माहीत असतं. २०११ साली कॅथरिन वुलेट आणि मॅग्वायर यांनी पुढचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी ७९ शिकाऊ उमेदवारांना सुरुवातीपासून पाहिलं. ३९ जण पास झाले, त्यांच्यात हा बदल दिसला. जे पास झाले नाहीत आणि पुन्हा तपासणीला आले, त्यांच्यात दिसला नाही.

प्रामाणिकपणे सांगायचं तर नापास झालेल्यांनी अभ्यासाला आठवड्याला जवळपास निम्माच वेळ दिला होता. म्हणजे मेहनतीचा मुद्दा निकालात निघत नाही. पण त्यांनी कमी अभ्यास केला म्हणून मेंदू बदलला नाही, की डोक्यात रस्ते बसतच नव्हते म्हणून अभ्यास सुटत गेला? आकड्यांवरून हे ठरवता येत नाही. आणि एक गंमत. पास झालेले लोक एका वेगळ्या चाचणीत, गुंतागुंतीची आकृती पाहून नंतर आठवणीने काढण्यात, इतरांपेक्षा मागे पडले. शिकण्याची किंमत असते. ही दोन वाक्यं रीलमध्ये मावत नाहीत, म्हणून ती तिथे नसतात.

गोगलगाय आणि निळी मोटार

दुसरं पुस्तक एरिक कॅन्डेलचं, ‘इन सर्च ऑफ मेमरी’ (२००६). निम्मं आत्मचरित्र, निम्मं स्मरणशक्तीच्या विज्ञानाचा इतिहास. कॅन्डेल १९२९ साली व्हिएन्नात ज्यू घरात जन्मला. वडिलांचं खेळण्यांचं दुकान. १९३८च्या नोव्हेंबरमध्ये नवव्या वाढदिवसाला त्याला रिमोटवर चालणारी निळी मोटार मिळाली. दोन दिवसांनी दारावर नाझी पोलिसांची थाप पडली आणि घर सोडायला सांगितलं गेलं. काही दिवसांनी परत आले तेव्हा किमती वस्तू गेल्या होत्या, मोटारही गेली होती. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोहोचला. ती थाप डोक्यात इतकी वर्षं कशी टिकली, हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न झाला.

उत्तर शोधायला तो गेला कुणाकडे, तर ॲप्लिसिया नावाच्या समुद्री गोगलगाईकडे. तिच्या मज्जासंस्थेत साधारण वीस हजार पेशी, त्यातल्या काही नुसत्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या मोठ्या. तिला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढते. शेपटीला विजेचा झटका दिला की पुढचा साधा स्पर्शही तिला धोक्याचा वाटतो. एक झटका दिला तर ही आठवण काही मिनिटं राहते. मध्ये वेळ सोडून पाच दिले तर काही दिवस टिकते. फरक कुठे पडतो? थोड्या वेळच्या आठवणीत जुन्याच जोडण्या जोरात काम करतात, नवीन काही बांधलं जात नाही. टिकाऊ आठवणीसाठी पेशीतली जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं तयार होतात आणि नवी टोकं फुटतात. पुस्तकातला आकडा असा की एका संवेदी पेशीची जवळपास १,३०० टोकं असतात, ती वाढून २,७०० च्या घरात जातात. उलट, त्याच त्या निरुपद्रवी स्पर्शाकडे दुर्लक्ष करायला शिकवलं तर ती घटून ८५० होतात. अनुभवाने जोडण्या बदलतात म्हणजे काय, ते इथे मोजता येतं.

याच पुस्तकात मला दोन गोष्टी मिळाल्या ज्या डॉइजने हातात ठेवल्या नव्हत्या. पहिली वेळेची. लागोपाठ चाळीस वेळा स्पर्श केला तर गोगलगाईचं शिकणं एखादा दिवस टिकतं. रोज दहा असे चार दिवस केले तर काही आठवडे टिकतं. स्पर्श चाळीसच. फिजिओची मुलगी दहावर का थांबत होती ते मला तेव्हा कळलं. निदान माझ्या तीसमध्ये काही शहाणपण नव्हतं, हे तरी कळलं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. टिकाऊ आठवण तयार करण्याचा हुकूम देणारं एक प्रथिन आहे आणि तो हुकूम दाबून धरणारं दुसरंही आहे. ते दुसरं बाजूला झाल्याशिवाय पहिल्याचं चालत नाही. मी रोज डेटाबेसशी खेळतो, त्यामुळे मला हे चटकन पटलं: कायमचं लिहायची परवानगी सहजासहजी मिळता कामा नये. न बदलणं हाही मेंदूचा गुण आहे. सगळंच लगेच बदलणारा मेंदू काहीच सांभाळू शकला नसता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅन्डेलच्या पुस्तकात शिकणं म्हणजे सुधारणं नाही. गोगलगाय शिकते ते भ्यायला. नऊ वर्षांचा एरिक शिकला तेही तेच. नवी टोकं फुटणं ही घटना आहे, बक्षीस नाही.

पुस्तकाला खोड आहे. शेवटचा तिसरा भाग सहकाऱ्यांची नावं, संस्था आणि मानसन्मान यांनी भरलाय. २०००चं नोबेल येईपर्यंत वाचकाचा दम जातो. शिवाय गोगलगाय आणि व्हिएन्नातली ती थाप यांच्यामधला पूल काही बांधून होत नाही. कल्ला आत ओढण्यापासून घर गमावण्याच्या आठवणीपर्यंत नेमकं कसं जायचं, हे कॅन्डेल दाखवू शकत नाही. पण तो दाखवल्याचा आवही आणत नाही. डॉइज आणि कॅन्डेल, दोघांनाही मनोविश्लेषणाची ओढ. एक त्याच पेशातला, दुसरा आधी तेच व्हायला निघालेला. डॉइजने माणसांपासून सुरुवात करून विज्ञानाकडून दिलासा घेतला. कॅन्डेल माणसापासून निघून गोगलगाईपाशी थांबला, कारण तिथे त्याला खात्री देता येत होती.

वायरिंग आणि वळण

मेंदू ‘रिवायर’ होतो, हा शब्द मला एके काळी फार आवडायचा. बाबांना मी एकदा तो समजावून सांगितला. ते म्हणाले, ‘वायरिंग बदलायचं तर आधी मेन बंद करावा लागतो. ह्याचा मेन कुठाय?’

याहून चांगली टीका मी कुठे वाचलेली नाही. वायरिंग म्हटलं की डोळ्यांसमोर येतो बाहेरून आलेला वायरमन, हातात नकाशा, जुनी वायर ओढून काढायची, नवी घालायची, काम झालं की मेन चालू. मेंदूत बाहेरून येणारा कुणी नाही, नकाशा नाही, मेन बंद होत नाही. घर राहतं ठेवून, दिवे चालू ठेवून, वापरता वापरता त्याच तारा बदलत असतात. सॉफ्टवेअरची उपमाही इथे लंगडी पडते. आमच्याकडे प्रोग्राम वेगळा, मशीन वेगळं, नवी व्हर्जन बिघडली तर जुनी परत आणता येते. इथे चालणं हेच बदलणं आहे, आणि मागे जायची सोय नाही.

मराठीत याला बरे शब्द आधीपासून आहेत. हाताला वळण लागतं. काम करता करता हात बसतो. गोष्ट अंगवळणी पडते. यातली क्रियापदं पाहा. लागतं, बसतो, पडते. कर्ता गायब आहे. ‘अंगवळणी पाडून घे’ असंही आपण म्हणतो, पण पडली की नाही ते नंतरच कळतं. प्रयत्न आपला, पडणं तिचं. ‘मी माझा मेंदू बदलला’ या वाक्यात जी ऐट आहे ती ‘हात बसला’ मध्ये नाही. आणि हात बसला नाही तर कुणी गुन्हेगारही ठरत नाही.

तर पुस्तकं वाचावीत का?

दोन्ही वाचा. डॉइज वाचा, कारण ‘आता काही होणार नाही’ ही समजूतही तितकीच घातक आहे, आणि ती घालवायला गोष्टीच लागतात. बाबांची बोटं पाचव्या महिन्यानंतर थोडी उघडायला लागली ती सराव चालू होता म्हणूनच, असं मला वाटतं. पण ते पुस्तक बरं होऊ पाहणाऱ्या माणसाच्या उशाशी थेट ठेवू नका. आधी तुम्ही वाचा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी विचारा: ज्यांचं असं झालं नाही ते कुठे आहेत? मग कॅन्डेलचे मधले भाग वाचा. गोगलगाय तुम्हाला उभारी देणार नाही, पण खोटं ओझंही देणार नाही.

स्प्रेडशीट मी त्या शनिवारनंतर उघडली नाही. बाबांचा उजवा हात आता कागद दाबून धरतो, दाराची कडी ढकलतो, पक्कड धरत नाही. ती डाव्या हातात आली आहे. सुट्टीत गेलो की शेजारपाजारची छोटी कामं ते माझ्याकडून करून घेतात. मी स्टुलावर, ते खाली. ‘टेस्टर आधी लाव. आधी टेस्टर. किती वेळा सांगायचं?’ अजून बरेच वेळा सांगावं लागणार आहे.

मागच्या खेपेला त्यांना गोगलगाईचा सगळा प्रयोग सांगितला. झटके, टोकं, तेराशेचे सत्तावीसशे. त्यांनी नीट ऐकलं.

‘मग ही टोकं मोजली कशी?’

‘पेशी काढून मायक्रोस्कोपखाली.’

‘म्हणजे मेली ती.’

‘हो.’

ते जरा थांबले. डाव्या हाताने उजव्याची बोटं एकेक उघडत होते, रोजच्यासारखी.

‘शिकून तिला काय मिळालं मग?’ ते म्हणाले.